पावसाळा सरला की ध्रुव सरकतो, हात लावला की शनी नाचतो: सोलापूरच्या काळ्या मातीवरचा मोठा रिफ्रॅक्टर

तक्रार साधारण अशी असते. पाच-सहा इंची, लांब नळीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) अंगणात कायमच्या खांबावर बसवला. मे महिन्यात ध्रुव-जुळणी, म्हणजे फिरण्याचा अक्ष आकाशातल्या ध्रुवाकडे रोखणं, चोख केली. जूनमध्ये ताडपत्री घातली आणि ऑक्टोबरात आकाश मोकळं झाल्यावर उघडली, तर तीन मिनिटांच्या फोटोत तारे लांबट. पुन्हा जुळणी केली, ती मार्चपर्यंत टिकली आणि एप्रिलात परत बिघडली. जोडीला दुसरी तक्रार: फोकसरच्या बटणाला बोट लावलं की शनी पाच-सात सेकंद थरथरत राहतो.

दोन्ही तक्रारींवर पहिला सल्ला मिळतो तो मोठं माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी यंत्रणा) घेण्याचा. माउंट महाग असतं, आणि बहुतेक वेळा दोष त्यात नसतोच. तो असतो त्याच्या खाली: पायात, खांबात, नाहीतर खांब आणि माउंट यांच्यामधल्या जोडात. म्हणून तपासणी जमिनीपासून सुरू करून वर जायचं. उलट दिशेने गेलात तर पैसे जातात आणि ताडपत्री काढल्यावर तारे पुन्हा लांबटच दिसतात.

खांब कलला की माउंट सरकलं?

हे ठरवायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. खांबाच्या वरच्या प्लेटला उत्तरेकडे एक आणि पूर्वेकडे एक असे दोन छोटे हूक वेल्ड करून घ्या. ओळंब्याचा दोरा हुकात अडकवा, गोळा तळाशी तेलाच्या डब्यात बुडू द्या, म्हणजे झुलणं थांबेल. खांबाच्या पायाशी स्टीलची पट्टी कायमची चिकटवून दोऱ्याची जागा वाचा. दोरा १.४ मीटर लांब असेल तर १ मिमी सरकणं म्हणजे सुमारे २.५ कला कलणं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). गवंड्याची पाणीपातळी इथे चालत नाही, कारण तिला दीड-दोन कलांपेक्षा कमी फरक दिसतच नाही. वर्कशॉपमधली ०.०२ मिमी प्रति मीटरची स्पिरिट लेव्हल मिळाली तर ती ४ विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) दाखवते. पण ओळंब्याला खर्च नाही आणि तो हरवत नाही.

वाचन पहाटे घ्या, उन्हाची तिरीप खांबावर पडण्याआधी. दुपारी पश्चिमेचं ऊन खाल्लेला लोखंडी खांब पूर्वेकडे वाकतो. २१९ मिमी व्यासाच्या, १.४ मीटर उंच खांबाच्या दोन बाजूंत १० अंशांचा फरक असेल तर टोक सुमारे २.६ कला वळतं. सूर्यास्तानंतर ते सरळ होतं, पण तेवढ्या वेळात ‘पाया हलला’ असा चुकीचा निष्कर्ष निघून जातो. खांबाला पांढरा रंग द्या आणि पश्चिमेला एखादा पत्रा आडवा उभा करा, हा प्रश्न मिटतो.

वर्षातून किमान चार नोंदी हव्यात: मेअखेर, ऑगस्ट, ऑक्टोबरचा मध्य आणि जानेवारी. आपल्याकडे जोराचा पाऊस अनेकदा सप्टेंबरात येतो, म्हणून ऑक्टोबरची नोंद सगळ्यात बोलकी असते. नोंदी हातात आल्या की अर्थ असा लावायचा:

खांबाचा माथा उत्तरेकडे झुकला तर ध्रुव-अक्ष तेवढाच खाली जातो, पुरेपूर. दक्षिणेकडे झुकला तर तेवढाच वर. पूर्व-पश्चिम झुकण्याचा परिणाम मात्र सोलापुरात कमी होतो. आपला अक्षांश १७.७ अंश असल्याने माउंटचा ध्रुव-अक्ष जवळजवळ आडवाच असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम कलण्याचा फक्त ३० टक्के भाग ध्रुव-जुळणीत उतरतो, बाकीचा नुसतं अक्षाभोवतीचं फिरणं असतो आणि त्याने काही बिघडत नाही. खांब स्वतःभोवती पिळला गेला तर त्याचा ९५ टक्के भाग दिगंशात, म्हणजे अक्षाच्या डाव्या-उजव्या दिशेत, दिसतो. ओळंब्याला पीळ कळत नाही. त्यासाठी वरच्या प्लेटवर एक सरळ पट्टी कायम बसवून ती लांबच्या एखाद्या टाकीच्या किंवा मनोऱ्याच्या कडेशी जुळते का, ते पाहायचं.

ओळंबा जागच्या जागी आहे आणि जुळणी मात्र गेली, असं असेल तर पायाला दोष देऊ नका. तेव्हा उंचीचा बोल्ट, दिगंशाचे बोल्ट आणि मधल्या प्लेटा तपासायच्या. त्याबद्दल पुढे आहेच.

किती बिघाड सोसायचा हेही आधी ठरवा. ६० सेंमी रुंद पायाची एक कड १ मिमी उचलली गेली तर ५.७ कलांचा कल येतो. त्याने तारा जास्तीत जास्त दीड विकला प्रति मिनिट घसरतो, म्हणजे तासाला दीड कला. डोळ्यांनी ग्रह पाहणाऱ्याला हे जाणवणारही नाही. त्याला १०-१५ कलांची चूकही चालते. १८०० मिमी फोकल लांबीवर पाच मिनिटांचे फोटो घेणाऱ्याला मात्र यात सात विकलांची रेघ मिळते. नुसतं पाहायचं असेल तर पाया खणायच्या फंदात पडू नका.

काळी माती काय करते

मंगळवेढ्याची मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर पिकते ती याच मातीमुळे. ही माती पाणी धरून ठेवते आणि धरताना फुगते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून लांब जातात, वाळलं की जवळ येतात. चैत्र-वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या खांबाखालीही चाललेलं असतं.

इथे एक समज फार घट्ट बसलेला आहे: काँक्रीट जड केलं की खांब हलणार नाही. हिशेब करून पाहा. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंमी खोल ठोकळ्याचं वजन सुमारे १४४० किलो. म्हणजे खालच्या मातीवर दाब चौरस मीटरला दीड टनाहून कमी. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब याच्या अनेक पट असतो, तो घरांचे जोते उचलतो, कंपाउंडच्या भिंती तडकवतो. दीड टनाचा ठोकळा तो सहज उचलतो.

ठोकळा सगळीकडून सारखा उचलला गेला असता तर आपलं काही बिघडलं नसतं, दुर्बीण दोन सेंमी वर गेली एवढंच. बिघडतं ते एका बाजूला ओल जास्त असल्यामुळे. म्हणून खांबाभोवती आधी ओल कुठून येते ते शोधा. मोरीचं पाणी कुठे जातं? टाकी भरून वाहते ते कुठे मुरतं? गच्चीची पन्हाळी कुठे पडते? एका बाजूला कडुनिंब असेल तर तो त्या बाजूची ओल ओढून घेतो आणि ती कड उन्हाळ्यात खचते. दहापैकी चार-पाच तक्रारी पन्हाळीचा पाइप दुसरीकडे वळवून निम्म्यावर येतील असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि त्याला फावड्याचीही गरज लागत नाही.

आपली माती किती फुगते हे घरी मोजता येतं. खांबाच्या जागेवरून अर्धा मीटर खोलीवरची माती घ्या, कडक उन्हात पूर्ण वाळवा, कुटून मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. १००-१०० मिलीचे दोन मोजपात्र घ्या. दोन्हींत १०-१० ग्रॅम माती टाका. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा, काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास न हलवता ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीची उंची वजा रॉकेलातल्या मातीची उंची, भागिले रॉकेलातली उंची, गुणिले १००. हीच भारतीय मानकातली मुक्त-फुगवटा चाचणी. प्रयोगशाळेत ४२५ मायक्रॉनची चाळणी आणि ओव्हन वापरतात, आपल्याला अंदाज हवा म्हणून घरचं साहित्य चालतं. उत्तर ५० टक्क्यांच्या वर आलं तर माती फार फुगणारी आहे, उथळ ठोकळ्याचा विचार सोडून द्या. २० च्या आत आलं तर तुमचा दोष बहुधा दुसरीकडे आहे.

नवा पाया घालायचा तर

सोलापूर परिसरात बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली मीटर-दीड मीटरवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा खडक. सीना-भीमेच्या काठाला मात्र माती खूप खोल असते. शेजारी विहीर किंवा शोषखड्डा खणला असेल तर त्यांना विचारा, तीच सगळ्यात खरी माहिती.

मुरूम दीड-दोन मीटरच्या आत लागत असेल तर ९० बाय ९० सेंमीचा खड्डा मुरूम लागेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३० सेंमी खाली न्या. टिकाव मारल्यावर ठण्ण आवाज यावा. मऊ, हाताने चुरगळणारा पिवळट मुरूम अजून मातीतच जमा धरायचा. तळाशी ७ सेंमी कोरडं काँक्रीट, त्यावर १० मिमी सळईची जाळी, दोन्ही बाजूंना १५ सेंमी अंतराने. ४५ सेंमी जाडीचा पाया. त्यातून ४० बाय ४० सेंमीचा स्तंभ वर: १२ मिमीच्या आठ सळया, ८ मिमीची रिंग दर १५ सेंमीला, सळईवर ५ सेंमी कव्हर. स्तंभ जमिनीच्या वर १५ सेंमी येऊ द्या. स्तंभाची उंची १.२ मीटर धरली तर एकूण काँक्रीट सुमारे ०.५६ घनमीटर होतं आणि १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणाने सिमेंटची साडेचार पोती लागतात. पाच आणा.

या पायाचं यश पुढच्या गोष्टीवर आहे आणि गवंडी नेमकी तीच टाळतो, कारण घराच्या कॉलमला तो असं करत नाही. स्तंभ काळ्या मातीला चिकटता कामा नये. फुगणारी माती स्तंभाच्या अंगाला धरून त्याला वर ओढते, खालून ढकललं नाही तरी. म्हणून स्तंभाभोवती आधी जाड प्लास्टिकचे दोन पदर गुंडाळा, त्यावर चारही बाजूंनी ५ सेंमी थर्माकोल लावा आणि बाहेरची पोकळी मुरमाने भरा. खणलेली काळी माती परत त्याच खड्ड्यात लोटू नका.

मुरूम भरला की दुसरा धोका उभा राहतो. काळ्या मातीतला मुरमाचा खड्डा म्हणजे पाण्याची बादलीच. पावसाचं पाणी मुरमातून झिरपून तळाशी साचतं आणि चहूबाजूंच्या मातीला वर्षभर पाजत राहतं. म्हणून वरून खांबाभोवती प्रत्येक बाजूला किमान १ मीटरचा काँक्रीटचा ओटा, खाली प्लास्टिक, आणि बाहेरच्या बाजूला ४० सेंमीला १ सेंमी उतार. ओटा आणि स्तंभ यांच्यात २५ मिमी फट ठेवून तीत थर्माकोलची पट्टी आणि वर डांबरी मास्टिक. ओटा खुशाल वर-खाली होऊ दे, खांबाला त्याचं काही कळायला नको. हीच फट तुमच्या पावलांचे धक्केही खांबापर्यंत पोचू देत नाही.

माती तीन-चार मीटर खोल असेल तर उथळ पायाने काम होणार नाही. तिथे तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घालतात. आपल्या देशात काळ्या मातीतल्या घरांसाठीच ही पद्धत रुजली आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात ती दिलेली आहे. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट, म्हणजे ३० सेंमी दांड्याला ७५ सेंमी. लांबी ३.५ मीटरपेक्षा कमी नको, आणि सळई वरपासून खालपर्यंत अखंड, कारण माती त्याला ओढून तोडायला बघते. तीन पाइल, वर एक टोपी, आणि टोपीखाली ८ सेंमी पोकळी. टोपी जमिनीला टेकली तर सगळं मुसळ केरात. हे काम स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच करा.

काँक्रीट एप्रिल-मेमध्ये ओतणार असाल तर गोणपाट ओलं ठेवून १४ दिवस पाणी मारा, संध्याकाळी ओता. ४२ अंशांत दुपारी ओतलेलं काँक्रीट वरून तडकतं आणि फाउंडेशन बोल्ट कायमचे ढिले राहतात. बोल्ट २० मिमीचे चार, ५०० मिमी लांब, जे आकाराचे, त्यातले ४०० मिमी आत. प्लायवूडच्या साच्यात धरूनच ओतायचं. आणि एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या ऑक्टोबरनंतर केलेली जुळणी खरी.

खांब आधीच आहे आणि तो कलतो

पाडण्याआधी हे करून पाहा. अंगणाची फरशी खांबाला भिडलेली असेल तर कटरने भोवती ३ सेंमीची पट्टी कापून मोकळी करा. पाणी आणणारं सगळं वळवा. भोवती वर सांगितला तसा ओटा घाला. ठोकळ्याखालच्या मातीतली ओल वर्षभर सारखी राहिली तर फुगणं-आक्रसणं थांबतं, हा यामागचा विचार. खांबाच्या बाजूला खणून काँक्रीट वाढवू नका, त्याने एका बाजूची माती मोकळी होते आणि कल वाढतो. ओटा घातल्यावर ओळंब्याच्या नोंदी पूर्ण एक वर्ष घ्या. मे आणि ऑक्टोबर यांतला फरक ५ कलांच्या आत आला तर पाडायचं कारण नाही, वर्षातून दोनदा अर्ध्या तासाची जुळणी करा.

थरथर: ती कुठून येते

माउंटवर ‘२० किलो’ लिहिलेलं असतं आणि नळी १४ किलोची असते, मग थरथर का? कारण किलोत लांबी येत नाही. १४ किलोची २ मीटर नळी आणि १४ किलोची ६० सेंमी नळी यांत फिरण्याला होणारा विरोध अकरा पटींनी वेगळा असतो, कारण तो लांबीच्या वर्गाने वाढतो. जड भिंग एका टोकाला असल्याने प्रत्यक्षात फरक आणखी मोठा.

चाचणी सोपी आहे. २०० पटींवर एखादा तेजस्वी तारा धरा. नळीच्या फोकसरकडच्या टोकाला बोटाने टिचकी मारा आणि प्रतिमा शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोनच्या आत उत्तम, तीन चालेल, पाचच्या पुढे दोष आहे. मग तळव्याने खांबाला हलकी थाप मारा, नंतर माउंटच्या डोक्याला. खांबाला मारल्यावरही प्रतिमा तेवढीच नाचली तर दोष खांबात किंवा त्याच्या बोल्टांत. नळीला मारल्यावरच संथ, सेकंदाला दोन-तीन हेलकावे आले तर नळी आणि माउंट यांच्यातला एखादा जोड लवतोय.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे खांबाच्या माथ्यावरची दोन प्लेटांची रचना: तीन-चार लांब आट्याच्या दांड्यांवर उचललेली वरची प्लेट, सपाटी जुळवता यावी म्हणून. ध्रुव-जुळणीला खांबाचा माथा तंतोतंत सपाट असण्याची गरजच नसते, उंची आणि दिगंशाचे बोल्ट ते काम करतात. या रचनेत १२ मिमीच्या दांड्या आणि १२० मिमी अंतर असेल तर तो खांब नसून स्प्रिंग आहे. दांडी २० मिमीची केली तर कडकपणा जवळजवळ आठपट होतो, अंतर १२० वरून २५ मिमीवर आणलं तर शंभरपटीहून जास्त. शक्य असेल तर मधल्या दांड्या पूर्ण काढा आणि प्लेट प्लेटला टेकवा. तीच गोष्ट खालच्या बेसप्लेटची. फाउंडेशन बोल्टवर खाली नट देऊन बेसप्लेट हवेत ठेवली असेल तर मधली पोकळी नॉन-श्रिंक ग्राउटने (न आक्रसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरा.

खांबाचा पाइप घेताना जाडीपेक्षा व्यासाकडे पाहा. कडकपणा व्यासाच्या घनाने वाढतो: १६८ मिमीऐवजी २१९ मिमी घेतला, जाडी तीच, तरी २.२ पट. २१९ बाय ६ मिमीचा पाइप मीटरला सुमारे ३१.५ किलो भरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडून दोन्ही टोकं काटकोनात फेस करून घ्या. तळाला ४०० बाय ४०० बाय २० मिमी प्लेट आणि १० मिमीच्या चार रिबा, १५० मिमी उंच. वरची १६ मिमी प्लेट वेल्डिंगनंतर फेस करायची, आधी नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ती बशीसारखी होते. आत कोरडी वाळू भरा, १.४ मीटरला सुमारे ७५ किलो. वाळूने खांब कडक होत नाही, पण घंटेसारखा वाजायचा थांबतो. ओली वाळू भरली तर आतून गंज धरतो, म्हणून दोन दिवस उन्हात पसरून मगच.

नळीच्या रिंगा एकमेकींपासून नळीच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश अंतरावर हव्यात. नळी माउंटला जोडणारी पट्टी, म्हणजे डव्हटेल, रुंद, ७५ मिमीचा आणि तो ४५०-५०० मिमी लांब. अरुंद डव्हटेलवर दोन मीटर नळी म्हणजे काडीवर बांबू. रिंगांत जाड फेल्ट असेल तर काढून २ मिमी कॉर्क लावा. नळी पीव्हीसीची करू नका. आपल्या उन्हाळ्यात आच्छादनाखाली ती नरम पडून वाकते आणि भिंग व फोकसर एका रेषेत राहत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम चांगलं, फक्त १८०० मिमीची नळी १२ अंश उतरली की अर्धा मिमी आखडते, म्हणून मेच्या रात्री दर तासाला फोकस बघा. उन्हाळ्यात दव नसतं, तेव्हा लांब दवरोधक काढून ठेवा, वाऱ्याला पकडायला तेवढंच कमी.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना एक वेगळा त्रास असू शकतो, यंत्रमागांचा. माग सेकंदाला साधारण दोन ठोके देतो आणि लांब नळीचा हेलकावा नेमका तेवढ्याच्या आसपास असतो, त्यामुळे लहान धक्काही मोठा होतो. खांबाच्या माथ्यावर थाळीत पाणी ठेवून त्यात दिव्याचं प्रतिबिंब पाहा. माग चालू असताना प्रतिबिंब थरथरतं आणि बंद झाल्यावर स्थिर होतं, तर कारण सापडलं. वर सांगितलेले जोड कडक केले की नळीचा हेलकावा जलद होतो आणि ठोक्यांशी जुळत नाही. त्यापलीकडे उपाय रात्री उशिराचं निरीक्षण.

गच्चीवर बसवणार असाल तर खांब बीम आणि कॉलम मिळतात तिथेच, स्लॅबच्या मध्यावर कधीही नाही. शिवाय दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडते आणि प्रतिमा उकळत राहते. माळवदावर तर बसवूच नका.

१७.७ अंशांचे आपले खास त्रास

लांब नळीखालचं हे माउंट ज्या घराण्यातलं आहे (जर्मन इक्वेटोरियल) त्याचा पहिला मोठा नमुना फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाटच्या २४ सेंमी रिफ्रॅक्टरसाठी केला. ते गाव ५८ अंश उत्तरेला. तिथे काउंटरवेटची (नळीचा तोल साधणाऱ्या वजनाची) दांडी खाली आली तरी खांबापासून ५८ अंश दूर असते. सोलापुरात ती लंबरेषेपासून फक्त १७.७ अंशांवर लोंबते, म्हणून तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला किंवा खांबालाच धडकते. तिपाईचा पाय दक्षिणेला फिरवा. खांबावर वरची प्लेट ८-१० सेंमी उत्तरेकडे काढून घ्या आणि तिला खालून रिब द्या. माउंट विकत घेण्याआधी त्याची उंची १७ अंशांपर्यंत खाली येते का, हे विचारा. काही २० लाच अडतात.

डोकं उत्तरेकडे झुकल्यामुळे सगळा भार उंचीच्या एकाच बोल्टवर येतो, तो वाकतो आणि आट्या चिरडतात. ८.८ दर्जाचा बोल्ट घाला, टोक गोल करून ग्रीस लावा. जुळवताना शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची. खाली उतरवत थांबलात तर माउंट रात्रीतून आणखी बसतं आणि आळ पायावर येतो.

खमध्याजवळ, म्हणजे थेट डोक्यावर, पाहताना नळीचं खालचं टोक खांबाजवळ येतं. संतुलन-बिंदूपासून डोळ्याकडचं टोक १.१ मीटर आणि खांबापासून मोकळी जागा ८ सेंमी असेल तर तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडल्यावर साधारण पाव तासात नळी खांबाला टेकते. मोटर तशीच चालू राहिली की क्लच घसरतो किंवा वर्म गिअरचे दात जातात. याम्योत्तरावरच बाजू बदला.

पुन्हा जुळवताना

ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, धुळीच्या पट्ट्यात, आणि खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला बाजूला. शिवाय त्या उंचीवर वातावरण ध्रुवाला सुमारे ३ कला वर उचलून दाखवतं. नुसत्या पोलर स्कोपने (अक्षातून ध्रुवतारा पाहायच्या छोट्या दुर्बिणीने) जुळवलं तर ही ३ कलांची चूक राहतेच. फोटोसाठी ड्रिफ्ट पद्धतच, म्हणजे ताऱ्याची घसरण पाहून जुळवणं, वापरा.

प्रकाशित क्रॉसहेअर आयपीस लावा, २ पट बार्लोसह (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग). आधी दिगंश: खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि याम्योत्तरावरचा तारा घ्या, तो दक्षिणेला ७२ अंश उंचीवर मिळेल. तारा दक्षिणेकडे घसरला तर ध्रुव-अक्ष पूर्वेकडे गेलाय, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. पाच मिनिटांत घसरण दिसेनाशी होईपर्यंत दुरुस्त करा. मग उंची: पूर्व क्षितिजापासून २० अंश वरचा, विषुववृत्ताजवळचाच तारा. दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे तर वर. पश्चिमेचा तारा घेतला तर नियम उलटा. नंतर दिगंश पुन्हा एकदा, कारण उंची बदलताना तो थोडा हलतो. सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा आणि आवळल्यावर परत एक ड्रिफ्ट बघा. त्याच पहाटे ओळंब्याचं वाचन घेऊन तारखेसह खांबावरच रंगाने लिहून ठेवा, पुढच्या ऑक्टोबरात तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.